बुडाकडून दिसलेली किटली

त्या किटलीच्या बुडाला दुसऱ्याच बाईचं नाव आहे, हे जिवंत असताना एकदा सांगायला तुम्हाला काय धाड भरली होती? उभा जन्म मला त्या किटलीवरून बोललात. "माझ्या भावानं भाऊबीजेला बघ कशी भरभक्कम ओवाळणी घातली. नाहीतर तुझं माहेर! लग्नात एक चमचा आला, तोही वाकडा." हे मी इतक्यांदा ऐकलंय की भाकरी थापताना त्याच तालावर हात पडायचा. आणि आता माझे गुडघे गेले, दाढा गेल्या, तुम्हाला जाऊनही एक पिढी उलटली, तेव्हा मला कळतंय की कसला भाऊ अन् कसली ओवाळणी.

आत्याबाई, नमस्कार शेवटी घालीन, तोवर राग उतरला तर. मी तुमची सून. ओळख पटत नसेल तर ती वाकड्या चमच्याची. नातीनं टाकून दिलेल्या एका चित्राच्या जाड कागदाच्या पाठीवर लिहितेय, चौथीत सुटलेल्या शाळेवर जेवढं येतं तेवढं. तुम्हाला वाचता येत नाही, तेव्हा तुमच्या चिरंजीवांकडून वाचून घ्या. तेही आता तुमच्याकडंच आलेत. त्यांना चष्मा लागेल. आम्ही वाकडला असतो, तुमच्या नातवाच्या फ्लॅटमध्ये, इतक्या वर की पित्राला तुमचा घास ठेवला तर कावळासुद्धा मधे कुठंतरी दम खाऊन येतो.

काळेवाडीच्या दोन खोल्या तुम्ही विसरला नसाल. कारखान्याच्या भोंग्यावर उठणारी, भोंग्यावर जेवणारी खोल्यांची सगळी ओळ. स्वयंपाकघरात भिंतीला लोखंडी मांडणी, आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तुमचा पहिला धडा मला मिळाला तो त्या मांडणीपुढं. मी घासलेली भांडी लावतेय, तुम्ही मागं कमरेवर हात ठेवून. "अगं, पोचा आलेली बाजू भिंतीकडं कर. येणाऱ्याला गोलवा दिसला पाहिजे, पोचा आपला आपल्याला ठाऊक असला की बास." तेव्हापासून माझ्या घरात एकाही भांड्याचा पोचा कुणी पाहिलेला नाही. माझ्या पहिल्या दिवाळीनंतर त्या मांडणीत वरच्या फळीवर, देवासारखी मधोमध, तुमची किटली. दुधाची, स्टीलची, झाकणाला साखळी, अंगावर टिंबाटिंबांनी ठोकलेलं तुमचं नाव. बाकी सगळी भांडी मी घासायची, किटली मात्र तुम्ही. घासायला मला हात लावू द्यायचा नाहीत. बुडाला राख चोळतानाही ती पोटाशी घट्ट धरून बसायचात, आणि मी मूर्ख, मनात म्हणायची, भाऊ असावा तर असा. वास्तविक तेव्हाच कळायला हवं होतं. तुमचा भाऊ आपल्याकडं यायचा तेव्हा दोनदा भात मागून घ्यायचा आणि जाताना आपलीच कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकायचा. तो माणूस किटली देणार?

तर नात. तुमची पणती. तुम्ही गेलात तेव्हा जन्मलीही नव्हती. चित्रकलेच्या कॉलेजात जाते, केसांचा एक भाग निळा केलाय, त्यावर मी काही बोलत नाही कारण बोलून झालंय. तिला कॉलेजातून काम दिलं: घरातल्या वस्तू टेबलावर मांडायच्या आणि त्यांचं चित्र काढायचं, क्युबिझम नावाच्या पद्धतीनं. वस्तू अशा हव्यात की त्यामागची माणसं दिसली पाहिजेत. लेक म्हणाला, नवीन कॉफीचं मशीन घे की. ती म्हणाली, "बाबा, त्याच्यामागं कुरिअरवाल्याशिवाय कुणी नाही." मग माळ्यावर चढली आणि तुम्ही गेल्यावर मी बांधून ठेवलेल्या गोणपाटातून तुमची किटली, तुमचा अडकित्ता, ह्यांचा कारखान्याच्या गेटवरचा बिल्ला असलं सगळं खाली काढलं. सोबत एक पेपर दुमडून ठेवला, दोन केळी ठेवली. पुढं महिनाभर आम्ही ओट्यावर उभ्यानं जेवलो, कारण टेबलावरचं काही हलवायचं नाही. केळी काळी ठिक्कर पडली तरी सुनेला टाकू देईना. सून म्हणाली, चिलटं झालीत. ही म्हणाली, चिलटं चित्रात येणार नाहीत, काळजी करू नकोस.

चित्र हळूहळू व्हायला लागलं तसा माझा जीव खालीवर. सगळं चहाच्या आणि राखेच्या रंगाचं. मोतीबिंदू काढायच्या आधी मला जग असंच दिसायचं, त्यासाठी ऑपरेशन केलं, आणि ही ते मुद्दाम काढतेय. टेबल वरून दिसतंय, अडकित्ता बाजूनं, किटलीचं तोंड एकीकडं, कडी भलतीकडं, पेपरातली अर्धी अक्षरं केळ्यावर. मी म्हटलं, "पोरी, हे पडलं का तुझ्या हातातून?" तेव्हा तिनं मला समजावलं. शंभर-सव्वाशे वर्षांमागं पॅरिसला काही चित्रकार होते, भाड्याच्या खोल्यांत राहायचे, थंडीनं काकडायचे. बाहेर कारखाने, आगगाड्या, विजेचे दिवे, सगळं एकदम अंगावर येत होतं. राजेराण्यांची चित्रं काढून झाली होती. मग त्यांनी समोर टेबलावर जे होतं तेच काढलं: बाटली, पेला, चिलीम, कालचा पेपर. आणि एका जागी उभं राहून नाही, तर सगळ्या बाजूंनी एकदम.

"म्हणजे काळेवाडीच की," मी म्हटलं. "फक्त बाटली उघड्यावर."

"बरोबर आजी! आणि बघ, भांडं समोरून दिसतं, पण मागून कसंय, आतून कसंय, बुडाला काय आहे, ते आपल्याला माहीत असतंच ना? मग ते का लपवायचं?"

"माहीत असतं म्हणून सांगत सुटायचं का? पोचा भिंतीकडं करायचा असतो."

"क्युबिझममध्ये भिंतीकडं काही नसतं, आजी."

आत्याबाई, हे वाक्य ऐकलं आणि मला तुमची आठवण आली. का आली ते तेव्हा कळलं नाही.

चित्र झालं. हॉलमध्ये भिंतीला टेकवलं, सगळ्यांनी वाहवा केली, मी पण केली, जेवायला टेबल मिळणार होतं. मग मी जवळ जाऊन बघते तर मधोमध एक गोल चकती, किटलीचं बूड, आणि त्यावर उलटी अक्षरं. मान वाकडी करून एकेक अक्षर लावत गेले. अर्ध्यातच ओळखलं. ते नाव मी ओळीत असताना रोज वाचलंय. त्या घरातल्या चमच्यावरसुद्धा ते होतं. शेजारच्या खोलीतल्या सासूचं नाव. इथं लिहीत नाही, तुम्हाला पाठ आहे. नातीला म्हटलं, हे कुठून आणलंस? ती म्हणाली, बुडालाच आहे की. किटली उपडी केली, मोबाइलचा दिवा लावला. अंगावर तुम्ही, बुडाला ती. इतकी वर्षं.

मग मी जोडत बसले. त्या पहिल्या दिवाळीला ओळीतल्या बहुतेक घरांना कंपनीनं एकसारख्या किटल्या दिल्या. तुमच्या लेकाच्या वर्कशॉपनं सोनपापडी दिली, डब्यात निम्मी हवा. तुम्ही चार दिवस कुणाशी धड बोलला नाहीत. ज्यानं त्यानं किटलीवर नाव घालून घेतलं. शेजारणीच्या सासूनं तेवढं बुडाला घातलं, अंगावर घातलं की चमक जाते म्हणून. दुधाच्या केंद्रावर सकाळी बायका कुठं रांग लावायच्या? किटल्या लावायच्या. किटली ठेवायची, घरी येऊन स्टो पेटवायचा, नंबर येईस्तोवर परत जायचं. भाऊबीजेच्या सकाळी शेजारची सून, माझ्याच वयाची, नवी नवरी, किटली रांगेत ठेवून आली आणि परत गेली तर किटली नाही. त्याच सकाळी तुम्ही पहिल्या एस्टीनं माहेरी गेलात. चार दिवसांनी आलात त्या किटली हातात घेऊनच, तिच्या अंगावर तुमचं ताजं नाव. ओळीत कुणाला शंका येईल? चोरीची लेक माहेरी नेऊन, तिचं बारसं करून आणलीत की हो.

आणि इकडं काय झालं ते परत आल्यावर तुम्ही ऐकलंत, पुढंही बघितलंत. भिंत एकच होती. त्या पोरीचा भाऊ लातूरहून भाऊबीजेला आला होता, जेवून दुपारी गेला. संध्याकाळी तिची सासू म्हणाली, "किटली कुठं जातेय? भावाच्या पिशवीत गेली." पुढच्या वर्षी तो बिचारा परत आला, तर जाताना त्या बाईनं दारात, सगळ्या ओळीसमोर, त्याची पिशवी उघडून बघितली. आत काय, एक टॉवेल आणि बहिणीनं बांधून दिलेल्या करंज्या. तो त्यानंतर त्या दाराला आला नाही. बहीण माझ्या चुलीशी बसून रडली, मी तिला चहा केला. दूध कशातून ओतलं असेल ते तुम्हीच सांगा.

ती माझी मैत्रीण. आज निगडीला असते लेकाकडं. तुमची बोलणी मी जिच्यापाशी ओकले ती एकच बाई. तुमच्या लेकाच्या बाराव्याला जिनं मला पहिला घास भरवला ती. आणि नातीनं तिला आपण होऊन प्रदर्शनाचं आमंत्रण दिलेलं, कारण प्रदर्शन निगडीलाच. मी नातीला म्हटलं, "त्या बुडावर एक लिंबू काढ."

"लिंबू कशाला?"

"दृष्ट लागू नये म्हणून."

खरं काय ते सांगावंच लागलं. ऐकून तिचे डोळे हे एवढे झाले. "आजी, हाच तर सोशल कॉन्टेक्स्ट! सर म्हणत होते ना, वस्तूमागची माणसं दिसली पाहिजेत."

"दिसली की. नको ती दिसली. तुझा कॉन्टेक्स्ट होईल आणि माझी मैत्रीण जाईल."

पण तिनं लिंबू काढलं नाही. म्हणाली, सगळं चित्र त्या चकतीवर उभंय. मग मी निगडीला फोन लावला. म्हटलं, येऊ नकोस गं, तुझा गुडघा, तिथली लिफ्ट बंद आहे. ती म्हणाली, "माय, प्रदर्शन तळमजल्याला हाय. माझ्या खिडकीतनं दिसतंय."

ती आली. जरीकाठाचं नेसून, काठी टेकत, जणू चित्राशी सोयरीक जुळवायला. मी तिला आधी दुसऱ्यांची चित्रं दाखवली, एकेकापुढं मुद्दाम उभी राहिले, एका डोंगराची तर इतकी तारीफ केली की तो काढणारा पोरगा लाजला. पण शेवटी तिथं यावंच लागलं. तिनं मान वाकडी करून बघितलं. मग काठीच्या टोकानं चकती दाखवली.

"माझ्या सासूचं नाव तुझ्या नातीला कुठं घावलं?"

"किटलीच्या बुडाला."

"कुठल्या किटलीच्या?"

"आमच्या," मी म्हटलं. "म्हणजे तुमच्या."

ती खुर्चीत बसली. चारचौघांत तिनं मला थोबाडीत दिली असती तरी मी गाल पुढं केला असता. पण ती माझ्याकडं बघेचना. नातीला म्हणाली, "पोरी, माझ्या नणंदेला फोन लाव. तोंड दिसतं तसला." नणंद चाकणला असते. तुम्हाला आठवत असेल, लहानपणीच जिभेला धार होती. आजही लग्नकार्यात भांडी मोजायला बसली की म्हणते, "वैनीला मोजायला देऊ नका बरं, वैनीच्या हातून भांडी माहेरी जातात." सगळे हसतात. माझी मैत्रीणसुद्धा हसते. असं हसणं मी बघितलंय.

फोन लागला. मैत्रिणीनं तो चित्रासमोर धरला. "वन्सं, काय दिसतंय?"

"पडलेलं घर दिसतंय. कुणाचं पडलं?"

"घर न्हाई, किटली हाय. आपली हरवलेली. नाव वाचा."

"उलटं आहे, कसं वाचू?"

मैत्रीण नातीला म्हणाली, "पोरी, चित्र उलटं कर." नात आणि तो डोंगरवाला पोरगा, दोघांनी मिळून चित्र भिंतीवरून काढलं आणि डोक्यावर उभं केलं. कॉलेजचे सर धावत आले. नात म्हणाली, "सर, दोन मिनिटं, घरचा मामला आहे." तिकडून नणंदेनं आपल्या आईचं नाव मोठ्यानं वाचलं. हॉलमधली माणसं गोळा झाली, त्यांना वाटलं हा प्रदर्शनाचाच भाग. मग मैत्रीण काय म्हणाली ते शब्दाला शब्द सांगते. "वन्सं, ही किटली शेजारी होती. माझ्या भावाच्या पिशवीत कधीच नव्हती. आता तुम्ही लातूरला फोन लावायचा आणि त्याला तसं म्हणायचं. मी न्हाई. तुम्ही."

नणंद म्हणाली, "हॅलो? हॅलो? आवाज येत नाही," आणि फोन ठेवून दिला. आवाज स्वच्छ येत होता.

मैत्रीण माझ्याशी एक शब्द न बोलता घरी गेली. त्यानंतर कितीतरी दिवस निगडीचा फोन नाही. मी लावला तर तिची सून म्हणे, आई देवपूजेला बसल्यात. एवढी पूजा तर तिनं जन्मात केली नाही. मग मी ठरवलं, किटली परत द्यायची. पण भांडं रिकामं कसं परत करणार? वाटीभर भाजी आली तर वाटी धुऊन त्यात काहीतरी घालून देतो आपण. इथं तर किटली, इतक्या वर्षांची. दूध घालावं तर दुधाचंच दुखणं. शेवटी बासुंदी केली. अर्धा दिवस उभी राहून आटवली, सून म्हणाली, आई, विकत मिळते. मी म्हटलं, चोरी आपण घरची केली, बासुंदीही घरची पाहिजे. किटली भरून रिक्षात बसले, मांडीवर घेऊन. डांगे चौक जातोय तोवर मांडी ओली. माळ्यावर पडून पडून किटलीचं बूड गळायला लागलेलं. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, काय सांडतंय?" मी म्हटलं, "सासूचं पाप." निगडीला पोचले तेव्हा निम्मी बासुंदी लुगड्यात होती आणि मुंग्या माझ्या मागं.

तिनं दार उघडलं. वरून खालपर्यंत मला बघितलं, मग किटलीच्या बुडाखाली बोट धरलं. एक थेंब बोटावर पडला, तो चाखला.

"नेली तवा गळत नव्हती," म्हणाली.

आणि मग आम्ही दोघी दारातच जे हसायला लागलो ते तिच्या सुनेनं पाणी आणेपर्यंत. हसता हसता ती रडली, मी नाही रडले, मला चिकटत होतं.

किटली मात्र ती ठेवून घेईना. म्हणे, बूड माझं पण अंग तुझ्या सासूचं, दुसरीचं नाव अंगावर घेतलेलं भांडं मी मांडणीत कसं लावू? मी म्हटलं, मी तरी कसं लावू? तेव्हापासून ती वाकड-निगडी अशी फिरते. गळते म्हणून फक्त कोरडं घालायचं: तिच्याकडून चिवडा, माझ्याकडून शेंगदाण्याचे लाडू. सध्या माझ्याकडं आहे. मी ती फळीवर पोचा पुढं करून ठेवलीय. बघू कोण काय म्हणतं.

पण मुद्दा राहिलाय. नणंदेनं फोन ठेवला म्हणून मैत्रिणीनं स्वतःच भावाला फोन केला होता, सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "बाई, तू मला कधी काय म्हणालीच नव्हतीस. ज्या घरानं पिशवी उघडली त्या घरातल्या कुणीतरी 'किटली तू नेली नव्हतीस' असं म्हणावं, मग भाऊबीजेला येतो." म्हातारा झालाय, दम लागतो, किती भाऊबीजा राहिल्यात कुणास ठाऊक. आणि नणंद फोन उचलत नाही. निरोप पाठवला तर म्हणते, "म्हणणारी माझी आई होती. ती गेली. तिला विचारा." मैत्रीण मला म्हणाली, "मग विचार की. तुझी सासू बी तिथंच हाय." म्हणून हा कागद.

तुम्ही का नेली, ते मी आता विचारत नाही. कळतंय. तुमच्या भावानं कधी काही दिलंच नाही, आणि रिकाम्या हातानं माहेराहून यायचं तुम्हाला जड झालं. मला आधी वाटलं, नसतं काही आणलं तरी मी काय बोलणार होते? पण खोटं कशाला लिहू. मला कळलं असतं तर मी तुम्हाला सोडलं नसतं. वाकड्या चमच्याचं सगळं उट्टं काढलं असतं, भाकरीच्या तालावर. एवढं कबूल.

हा कागद टाकायला पेटी नाही, नातीच्या चित्राच्या मागं खोचून ठेवते. नमस्कार. आणि उत्तराचं नीट ऐका. तुम्ही उत्तर द्यायचं नाही, तुमच्या उत्तरात परत तुमचा भाऊ यायचा. तुमची शेजारीण, माझ्या मैत्रिणीची सासू, तिकडंही शेजारीच असेल, तिला किटलीचं खरं सांगा. मग तिनं आपल्या लेकीच्या स्वप्नात चाकणला जायचं, आणि ती फोन हातात घेईस्तोवर तिला झोपू द्यायचं नाही. उत्तर त्या नणंदेनंच द्यायचं. मला नाही. लातूरला, भाऊबीजेच्या आत.